न कापलेली वायर

मोटर गुरगुरली, पण फिरली नाही. हरिचंद्रने एक पाय भिंतीला टेकवला, दोन्ही हातांनी डंकाचा पट्टा धरला आणि ओढला. एकदा, दोनदा. तिसऱ्या ओढीला चाक हललं, लोखंडी मुसळ कण्हत वर गेलं आणि धप्पकन उखळात पडलं. मागोमाग दुसरं. पडवीत बसलेल्या पाच बायकांनी एकदम सुस्कारा सोडला. हरिचंद्रने कपाळाचा घाम पुसला. हाताला मिरचीची पूड होतीच, ती डोळ्यांत गेली. तो डोळे चोळत उभा राहिला तेवढ्यात मुसळांची चाल मंदावली, आणि डंक पुन्हा बंद पडला.

"झाला," ठमाबाई म्हणाली. ती त्याची बायको. बत्तीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याची बहुतेक कामं याच एका शब्दात निकालात काढली होती.

मे महिना चालू होता. बदलापूर गावात मे महिना म्हणजे मसाला. मिरच्या, धणे, हळकुंडं, लवंग-दालचिनी घरून भाजून आणायची आणि डंकावर कुटून न्यायची, की वर्षभराची सोय झाली. मसाला गिरणीत दळला तर जळका वास येतो, कुटलेल्याची चव त्याला नाही, म्हणून हरिचंद्रच्या पडवीतला हा डंक वीस वर्षं टिकला होता. आणि बाई एकदा मसाला घेऊन आली की तो डब्यात भरेपर्यंत जागची हलत नसे. आपला मसाला आणि आपला नवरा नजरेआड होऊ द्यायचा नाही, असं तिथल्या बायका म्हणतात. त्यातल्या त्यात त्यांचं मसाल्यावर लक्ष जास्त.

तर पाच बायका सकाळी आठपासून आपापल्या टोपल्यांना चिकटून बसल्या होत्या. साडेअकरा वाजले होते. पहिल्याच टोपलीतला निम्मा मसाला अजून उखळात होता, ना मिरची ना पूड अशा अवस्थेत. तो होता बेलवलीच्या सुंदराबाईंचा. पोराच्या हळदीला लागणारा दहा किलो मसाला.

सुंदराबाई उठल्या. पदर खोचला, परात घेतली आणि उखळात हात घालून आपला मसाला उपसायला लागल्या.

"आवो सुंदराबाई, दोन मिन्टं," हरिचंद्र म्हणाला. "लाइन कमी हाय आज."

"हरिचंद्रा, परवा पन लाइनच कमी व्हती. भाजलेला मसाला सांजपर्यंत ठेवला त नरम परतो. मी चालले. आमचे बेलवलीन नवीन मशीन आयलीय, बटन दाबला का चालू व्हते."

"तिचे मसाल्याला चव नाय."

"हितं मसालाच नाय, त चव कनची बघू?"

बाकीच्या चौघी हसल्या नाहीत, आणि हरिचंद्रला तेच जास्त लागलं. त्या नुसत्या आपापल्या टोपल्यांकडे बघत राहिल्या, आणि एकेक करून उठल्या. शेवटची गंगू. ती बाजारात भाजी विकायची, जीभ तिची विळीसारखी, पण तीही जाताना काही बोलली नाही. उलट रिकाम्या उखळावर फडकं टाकून गेली, मेलेल्या माणसावर टाकतात तसं.

हरिचंद्र तडक परसदारी गेला आणि सामाईक भिंतीवर मुठीने दणके घातले.

"गोदूवैनी! बंद करा तो!"

पलीकडे त्याच्या थोरल्या चुलतभावाची विधवा राहायची. पासष्ट वर्षांची, अंगाने भरलेली, उन्हाळ्यात धाप लागणारी. तिच्या पोराने एप्रिलमध्ये तिला एसी बसवून दिला होता. त्याच महिन्यात डंक रुसायला लागला. हरिचंद्रला याउपर पुरावा नको होता. गल्लीत एकच तार येते, तीत करंट असतो मोजका. त्यातला म्हातारी गारवा खायला ओढून घेते, मग डंकाला राहणार काय, घंटा? त्याने हे सगळ्या गावाला सांगितलं होतं.

भिंतीवरून गोदूचं तोंड वर आलं. घामाने थबथबलेलं.

"काय बंद करू? बंदच हाय."

"खोटा बोलू नका वैनी. तुमचा एसी माझा करंट खातंय."

"भावजी, तुमचा करंट काय नाव लिवून येतो काय? माझा मीटर येगला, तुमचा येगला."

"तार त येकच हाय!"

"मंग दोगांची नदी पन येकच हाय. मी आंगोल केली त तुमी कोरडं राहताव काय?" असं म्हणून गोदू खाली गेली. भिंतीपलीकडून तिचा धापेचा आवाज येत राहिला.

हरिचंद्र परत आला तो पडवीत मुलगा उभा. अल्पेश शिरगावला एका बिल्डरकडे फ्लॅट दाखवायचं काम करायचा, त्यामुळे घरीही तो हात पसरून बोलायचा.

"बाबा, बघितलं मी. सगळ्या बायका गेल्या. आता ऐका, मी उल्हासनगरला परसराम सेठशी बोललोय. भंगारवाला. संडेला टेम्पो येतोय. मोटर, मुसळ, चाक, सब लेके जाएगा. पडवी मोकळी, माझी गाडी आत लागेल. रस्त्यावर उन्हात तिचा रंग उडतोय."

"भंगार?" हरिचंद्र म्हणाला. "चालता डंक भंगार?"

"चालता कुठंय? दोन वायरमन येऊन गेले. एकाने कपॅसिटर बदलला, दुसरा म्हणाला मोटर नव्या तारेने भरून घ्या. भरून आणली. गुरगुरतेच आहे. तुम्ही लिंबू-मिरची पण बांधली."

ते खरं होतं. जिथे मणभर मिरच्या रोज कुटल्या जातात तिथे आणखी सात मिरच्यांनी काय व्हायचं, असं ठमाबाईने तेव्हाच विचारलं होतं.

"रविवारपर्यंत चालला तर?" हरिचंद्रने विचारलं.

"तर टेम्पो रिकामा पाठवीन. प्रॉमिस," अल्पेश म्हणाला. तो वाईट मुलगा नव्हता. त्याने हे इतक्या सहज कबूल केलं, कारण डंक चालणार नाही याची त्याला खात्री होती.

हरिचंद्र जेवणावरून अर्धवटच उठला. शेतं गेली तेव्हा तो इतका हलला नव्हता. शेतं सगळ्यांचीच गेली, त्यावर इमारती उभ्या राहिल्या, जग बदललं असं म्हणता आलं. पण डंक त्याने स्वतः उभा केला होता. त्या डंकामुळे सकाळी आठ वाजता कोणीतरी त्याची वाट बघायचं. डंक गेला की तो नुसता पडवीतला म्हातारा, आणि पडवीही गाडीला दिलेली.

आता हरिचंद्रच्या स्वभावातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. अख्खी वस्तू कापणं त्याच्या हातून होत नसे. बाजारातून पुडा आला की दोरा कापायचा नाही, गाठ सोडवायची, अर्धा तास लागला तरी. पँट लांब निघाली तर खालून दुमडायची. आताही त्याची पँट दोन्ही पायांवर तीन-तीन घड्या घालून वळलेली होती आणि त्या घड्यांत धण्याचे दाणे जमायचे, ते ठमाबाई धुताना काढायची. अख्ख्याला किंमत असते, कापलं की तुकडा झाला, असं तो म्हणायचा. घरातल्या फ्रीजवरचं कंपनीचं लेबलही नऊ वर्षं तसंच होतं.

मार्चच्या शेवटी, हंगाम सुरू व्हायच्या आधी, उंदरांनी डंकाची जुनी वायर कुरतडली, तेव्हा तो उल्हासनगरला जाऊन नवी घेऊन आला होता. दुकानदाराने विचारलं, "काका, कितना मीटर?" हरिचंद्रने मोजून सांगितलं, मीटरपासून डंकापर्यंत बारा. दुकानदार म्हणाला, काटके देता हूँ. हरिचंद्रने हात आडवा केला. त्याने लाल आणि काळं, नव्वद-नव्वद मीटरची दोन अख्खी बंडलं उचलली. घरी आणून जोडली तीही न कापता. एक टोक मीटरजवळच्या मेन स्विचला, एक टोक डंकाच्या बोर्डाला, आणि मधली सगळी वायर गोल गुंडाळलेली तशीच माळ्यावर ठेवली. उद्या मागे नवं घर बांधलं, डंक तिकडे न्यायचा झाला, तर वायर तयार. वायरमन आले ते मोटर बघून गेले. माळ्यावर कोण चढतंय?

चढली ती त्याची सून.

तिचं नाव जिज्ञासा. लग्नाला सहा महिने झाले होते. आयटीआय झालेली, अंबरनाथला एमआयडीसीत एका कारखान्यात तयार मोटरी तपासायच्या खात्यात होती. सासरी मात्र तिच्याकडे भाकऱ्या होत्या. तिने महिन्यापूर्वी एकदा भीत भीत विचारलं होतं, "बाबा, मी बघू का मोटर?" तेव्हा हरिचंद्र हसून म्हणाला होता, "तू बारकी मोटर बघतेस पोरी. ही डंकाची हाय." ती परत भाकऱ्यांकडे वळली. कारखान्यात तिच्या हाताखालून रोज या मोटरीच्या दसपट मोठ्या मोटरी जात.

तो दिवस शुक्रवारचा, आणि शुक्रवारी एमआयडीसी बंद असते. दुपारी ठमाबाईने तिला आंबे काढायला माळ्यावर धाडलं. माळ्यावर पेंढ्यात आंब्यांची अढी घातली होती, आणि त्या वर्षीची अढी ठमाबाईचा अभिमान होता. एरवी पिकायला दहा-बारा दिवस घेणारे आंबे चौथ्या दिवशी पिवळे होत होते. माझा हात लागला म्हणून, असं ती सांगायची. फक्त कोपऱ्यातलेच का पिकतात आणि दाराकडचे दगडासारखे का राहतात, ते तिलाही सांगता येत नव्हतं.

खाली हरिचंद्र पट्टा ओढून दमला होता. चौघी बायका टोपल्या घेऊन परत आल्या होत्या, कारण बेलवलीच्या मशीनवर लांब रांग होती. गंगूही त्यात होती. मोटर कशीबशी चालू होती, मुसळं कुटण्याऐवजी मसाल्याला थोपटत होती.

माळ्यावरून जिज्ञासाची हाक आली. "आई! मेन बंद करा! आधी मेन बंद करा!"

ठमाबाईने धावत जाऊन स्विच पाडला. जिज्ञासा शिडीवरून उतरली, हातात आंबा नव्हता, चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा, माळ्यावर पेंढ्यात वायरची बंडलं आहेत. हात ठेववत नाही इतकी तापलीत. पेंढा पेटला असता."

"मे महिना हाय," हरिचंद्र म्हणाला. "सगलाच तापतंय."

"डंक कशाने चालत नाही ते मला कळलं बहुतेक. मोजू द्या मला. फक्त मोजते, काही तोडत नाही."

शेवटच्या वाक्याने हरिचंद्रला धीर आला. त्याने मान हलवली. जिज्ञासाने आधी बंडलं पेंढ्यातून ओढून माळ्याच्या मोकळ्या फळीवर ठेवली, मग खोलीतून आपली पिशवी आणली. त्यात एक मीटर होता, आकड्यांचा पडदा असलेला, आणि त्याला खेकड्याच्या नांगीसारखा चिमटा. तिने डंकाची मोटर सोडवली आणि त्या जागी पाणी तापवायचा हीटर बादलीत सोडून लावला.

"मोटर का काढली?" हरिचंद्रने संशयाने विचारलं.

"मोटरचं गणित वाकडं असतं बाबा, हीटरचं सरळ असतं. आधी सरळ करू."

मेन पुन्हा चालू झाला. जिज्ञासाने मेन स्विचजवळ मीटर लावला. "दोनशे वीस व्होल्ट. बघा. आपल्या घरात पुरेपूर येतंय. काकूंच्या एसीने खाल्लं असतं तर इथेच कमी आलं असतं."

"आता बंद असल तिचा."

"आठ दिस बंदच हाय तो," ठमाबाई म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुमी भिंतीवर पहिल्यांदा मुठी मारल्याव ना, त्या दिसापासना. तिचा पोरगा वराडला तरी तिनी लावला नाय. आता डंक बंद परला त माझेवर आल येनार नाय, बोलली. मना सांगितलाय, तुमाना सांगू नको बोलली."

घामाने थबथबलेलं ते तोंड हरिचंद्रने भिंतीवर पाहिलं होतं आणि त्यालाच खोटं म्हटलं होतं. त्याला लाज वाटली, अगदी कानापर्यंत. पण चार बायकांसमोर लाज वाटल्याचं दाखवायची त्याला सवय नव्हती, म्हणून त्याने खेकसून विचारलं, "पुढं काय?"

जिज्ञासा डंकाच्या बोर्डाशी गेली. "इथे एकशे शहाण्णव. तिथून निघाले दोनशे वीस, इथे पोचले एकशे शहाण्णव. मधे किती गेले?"

"चोईस," हरिचंद्र म्हणाला. ते त्याच्या तोंडून आपसूक निघालं. तो चौथी शिकलेला, पण तिसापर्यंतचे पाढे त्याला तोंडपाठ होते आणि आकडा दिसला की त्याच्याने राहवत नसे. सुनेने ते सहा महिन्यांत हेरलं असावं.

तिने चिमटा लाल वायरीभोवती लावला. "वायरीतून आठ अँपिअर जातायत. आता बाबा, व्होल्ट म्हणजे मागून ढकलणारा जोर, आणि अँपिअर म्हणजे वाहणारा करंट. जोराला करंटने भागलं की वायरीची अडवणूक किती ते कळतं. चोवीस व्होल्ट, आठ अँपिअर."

"आठ त्रिक चोईस. तीन."

"तीन ओहम. एवढी अडवणूक आपल्या वायरीत आहे. आता मोटर लावू." मोटर लागली, हरिचंद्रने पट्टा ओढून दिला, ती रखडत फिरली. चिमट्यावर आकडा आला. "बारा अँपिअर. आता उलटं. अडवणूक तीन, करंट बारा. गुणलं की वायरीने खाल्लेले व्होल्ट."

"बारा त्रिक छत्तीस."

"छत्तीस व्होल्ट वायरीतच गेले. आणि व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट. छत्तीस बारे?"

हरिचंद्र आता रंगात आला होता. "छत्तीस बारे चारशे बत्तीस!"

"चारशे बत्तीस वॅट. जुने शंभराचे चार दिवे माळ्यावर पेंढ्यात लावून ठेवलेत तुम्ही."

"म्हनून आंबं पिकतान!" गंगू ओरडली. "ठमे, तुजा हात नाय गो, तुझे नवऱ्याची वायर हाय!"

बायका इतक्या हसल्या की एकीच्या टोपलीतल्या मिरच्या सांडल्या. ठमाबाईला मात्र आपल्या अढीचा असा निकाल लागलेला आवडला नाही.

"आता शेवटचं," जिज्ञासा म्हणाली. "थांबलेली मोटर सुरू होताना पाचपट करंट मागते. पाच बारे?"

"साठ," हरिचंद्र म्हणाला, पण या वेळी सावकाश. पुढचा गुणाकार त्याला आधीच दिसला होता. वळूला दोर बांधून आपणच ओढत नेऊन खाटकाच्या दारात उभं राहावं, तसं त्याचं झालं.

"आणि साठ त्रिक?"

तो वाकून पँटच्या घडीतले धणे काढायला लागला.

"साठ त्रिक येकशे अंशी," गंगूने सांगितलं. ती भाजीवाली, तिला कोण थांबवणार?

"दोनशे वीसमधले एकशे ऐंशी वायरीतच अडकले तर मोटरला काय मिळणार? ती मागते, पण वायर देत नाही. म्हणून नुसती गुरगुरते." जिज्ञासाने मीटर बंद केला. "मोटर चांगली आहे बाबा. लाइन चांगली आहे. बारा मीटरचं काम आहे, आणि वायर जातेय नव्वद, येतेय नव्वद. तीही बारीक."

"आवो," ठमाबाईने कपाळाला हात लावला, "म्हंजी तुमी त्या करंटाला माल्यावर गोल गोल परदक्षिना घालाय लावल्याव, नि मंग खाली येऊन दमल्या आंगानी डंक हाकाय सांगताव?"

सगळ्या त्याच्याकडे बघत होत्या. जिज्ञासाने मेन बंद केला आणि पक्कड त्याच्यापुढे धरली. ती स्वतः कापू शकली असती. पण तिने पक्कडच पुढे केली, आणि त्याला ते बरं वाटलं.

तो माळ्यावर चढला. बंडल अजून कोमट होतं, लाल, गुळगुळीत, कंपनीची चिठ्ठीसुद्धा तशीच.

"परत जोड देता येतो ना?" त्याने वरून विचारलं.

"येतो बाबा."

"मंग पुढं घर बांधला, लागली, त..."

"तेव्हा जाड वायर आणू. कापा."

"कापतंय, कापतंय." बराच वेळ नुसतं बंडल उलटसुलट फिरवल्याचा आवाज येत राहिला. मग कट् असा आवाज आला आणि पाठोपाठ हरिचंद्रचा एक उसासा. पुन्हा कट्.

"पोरीच्या पाठवनीला येवरा रडला नव्हता," ठमाबाई खालून म्हणाली.

अर्ध्या तासात जिज्ञासाने बारा-बारा मीटर वायर भिंतीच्या कडेने सरळ जोडून दिली. हीटर लावून पुन्हा मोजलं. तिथे दोनशे वीस, इथे दोनशे सतरा. मग मोटर. हरिचंद्र सवयीने पट्ट्याकडे धावला, पाय भिंतीला लावला.

"बाबा, लांब व्हा," जिज्ञासा म्हणाली, आणि बटण दाबलं.

गुरगुर नाही, कण्हणं नाही. मुसळं अशी दणदणली की कौलांवरची धूळ खाली आली आणि हरिचंद्र एक पाय भिंतीला लावलेला तसाच उभा राहिला. संध्याकाळपर्यंत चौघींचा मसाला कुटून झाला. गंगूने जाताना उखळावर टाकलेलं आपलं फडकं आठवणीने परत नेलं.

शनिवारी गावभर झालं. अल्पेशने संध्याकाळी येऊन डंक पाहिला, बायकोकडे पाहिलं, आणि "मी टेम्पोला फोन करतो" म्हणाला. पण परसराम सेठचा फोन काही लागला नाही.

हरिचंद्रचं लक्ष मात्र डंकाकडे नव्हतं. तो त्या दिवशी तीन वेळा गोदूच्या दारापर्यंत गेला. पहिल्यांदा तिची कोंबडी आपल्या अंगणात आली का ते बघायला गेला. दुसऱ्यांदा काय निमित्त काढावं ते सुचलं नाही, म्हणून तिच्या दारातून सरळ पुढे देवळापर्यंत चालत गेला. तिसऱ्यांदा गोदूनेच आतून विचारलं, "काय भावजी, मुठी मारायला भिंत कमी परली काय?" तो मुकाट परत आला. चूक झाली, हे दोन शब्द त्याने रस्त्याने म्हणून पाहिले होते. गोदूसमोर ते पाढ्यासारखे आपसूक निघेनात.

रविवारी सकाळी पडवीत नऊ बायका होत्या. जिज्ञासाला दुपारची पाळी होती, म्हणून तीही घरी होती. सुंदराबाईही आल्या होत्या, कारण बेलवलीच्या नव्या मशीनने त्यांचा मसाला पिठासारखा करून दिला होता आणि राहिलेला चार किलो त्या तिथे टाकायला तयार नव्हत्या. हरिचंद्र मिरचीच्या पुडीने नखशिखांत लाल झाला होता. तेवढ्यात दारात टेम्पो उभा राहिला. पुढून परसराम सेठ उतरला, मागून दोन हमाल साखळ्या आणि पहारी घेऊन.

सेठ आत आला, सटासट पाच वेळा शिंकला, आणि डोळे पुसून त्याने धडधडणाऱ्या डंकाकडे पाहिलं.

"अल्पेशभाई, आप तो बोले मशीन बंद है," तो ओरडून म्हणाला. मुसळांच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

"सेठ, वो अभी... घरवालीने..." अल्पेशचे पसरलेले हात तसेच राहिले.

"अरे भाई, धक्का मारके तो सब चालू दिखाते हैं. एक बार बंद हुआ तो फिर चलेगा क्या?" सेठ म्हणाला. तो जुना माल घेत म्हातारा झालेला माणूस. "टेम्पो का फेरा हुआ है मेरा. बंद करो, फिर चलाके दिखाओ. नहीं चला तो माल उठाता हूँ."

पडवीतल्या नऊ बायका एकदम कालवा करायला लागल्या. चालता डंक कोणी बंद करतं? उखळात सुंदराबाईंचा मसाला होता. ठमाबाई मधे आली. पण हरिचंद्रने सेठकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं, आणि हात लांब करून डंक बंद केला.

सगळं एकदम शांत झालं. इतकं, की भिंतीपलीकडे गोदू झाडत होती तो खराट्याचा आवाज ऐकू आला.

"गोदूवैनी!" हरिचंद्रने हाक मारली. या वेळी भिंतीवर मूठ मारली नाही. "जरा इकरं या."

गोदू आली. दारात उभी राहिली, खराटा हातात तसाच.

"काय? आता काय खाल्ला मी तुमचा?"

हरिचंद्रने घसा खाकरला. नऊ बायका, सून, मुलगा, बायको, सेठ आणि दोन हमाल त्याच्याकडे बघत होते. "काय नाय खाल्ला. माझेच वायरीनी खाल्ला व्हता. मी सगल्या गावान तुमचा नाव घेतला, म्हनून सगल्यांसमोर बोलतंय. माझी चूक झाली. बटन तुमी दाबा."

गोदू त्याच्याकडे बघत राहिली. मग बटणाकडे. मग तिने खराटा दाराला टेकवला आणि वळून आपल्या घरात निघून गेली.

"गेली," ठमाबाई पुटपुटली. हरिचंद्रचा चेहरा पडला. आपण दारापर्यंत जायला हवं होतं, इथे बोलावून म्हटलेल्या माफीला काय अर्थ, असं त्याला वाटलं. सेठने हमालांना खूण केली. एकाने साखळी खाली टाकली.

आणि पलीकडून घर्रर्र असा आवाज आला. मग तो आवाज स्थिर झाला.

गोदू परत आली, या वेळी केस नीट करून, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. "आठ दिसानी लावला," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "अठरावर लावलाय. आता बगूया कोन कुनाचा खातंय."

आणि तिने बटण दाबलं.

डंक पहिल्याच दणक्याला सुरू झाला. बायका हसत होत्या, सेठ शिंकत होता, आणि ठमाबाई त्याला सांगत होती की एवढा आलाच आहात तर घरी बायकोला दोन किलो मसाला न्या. हरिचंद्रने सुनेला ओरडून विचारलं, "पोरी, बघ त, किती आयलं?"

जिज्ञासाने बोर्डाला मीटर लावला. "दोनशे पंधरा!"

"रस्त्यान किती गेलं?"

"पाचच, बाबा!"

"पाच गेलं त जाऊंदे," हरिचंद्र म्हणाला, आणि गोदूला बसायला आपलं स्टूल पुढे केलं.